अनुपस्थित यजमान

जेवण आटोपल्यावर पानावरून उठण्यापूर्वीं ‘अन्नदाता सुखी भव’ असें म्हणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. हल्लीं ती बहुधा समारंभांच्या पंक्तींपुरतीच उरली आहे, व तेथेंही ती पुष्कळदां संवयीनेंच पाळली जाते. तथापि तिच्या मुळाशीं जी समजूत आहे ती विचार करण्याजोगी आहे. आपल्याला खावयास घालणारा कोण हें खाणारास ठाऊक आहे, तो समोर उभा आहे, आणि त्याचें बरें व्हावें अशी इच्छा खाणाराच्या मनांत आहे, अशा तीन गोष्टी त्या तीन शब्दांनीं गृहीत धरिल्या आहेत. घरच्या पानावर किंवा स्नेह्याच्या पंक्तीस या तिन्ही गोष्टी सहज खऱ्या असतात. परंतु जेथें पैसे मोजून जेवावयाचें, जेथें पदार्थ एका देशाचे, मालक दुसऱ्या देशाचा, आणि भिंतीवरचीं चित्रें तिसऱ्याच काळांतलीं, तेथें हा आशीर्वाद कोणास उद्देशून द्यावयाचा? वरवर पाहतां हा प्रश्न थट्टेचा वाटेल. आम्हांसही तो प्रथम तसाच वाटला होता. परंतु परदेशांत एका रात्रीं जेवतांना तो अशा रीतीनें आमच्या पुढ्यांत येऊन बसला कीं, तेव्हांपासून तो आमच्यानें टाळवत नाहीं.

आमची पुतणी व तिचे यजमान अमेरिकेंत फ्लोरिडामध्यें मायामी शहरीं राहतात. आम्ही त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलों असतां त्यांनीं आम्हांस की वेस्ट हें गांव दाखविण्यास नेलें. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रांत बेटांची एक माळ गेलेली आहे. ४२ पुलांवरून जाणाऱ्या रस्त्यानें तीं बेटें एकमेकांस जोडलेलीं असून त्या रस्त्याच्या शेवटीं की वेस्ट लागतें. तेथें किनाऱ्यावर १९८३ सालीं उभारलेला एक रंगीत बुटका स्तंभ आहे, व क्यूबा येथून ९० मैल असल्याचें त्यावर लिहिलेलें आहे. स्वतः मायामी शहर त्याहून दूर पडतें. या गांवाचा क्यूबाशीं संबंध केवळ शेजाराचाच आहे असें मात्र नाहीं. १८६८ सालीं क्यूबांत स्पेनच्या सत्तेविरुद्ध युद्ध सुरू झालें, तेव्हां देशोधडीस लागलेले चिरूट वळणारे कारागीर मोठ्या संख्येनें येथें येऊन राहिले. १८७१ सालीं त्यांनीं सान कार्लोस नांवाची संस्था काढली, आणि क्यूबाचा कवि व देशभक्त होसे मार्ती यानें १८९२ सालीं तेथें व्याख्यान देऊन आपल्या निर्वासित बांधवांना स्वातंत्र्याच्या कार्यासाठीं हांक दिली. पुढें १९८० सालीं क्यूबाच्या मारिएल बंदरांतून सुमारें १,२५,००० माणसें सहा महिन्यांच्या आंत अमेरिकेस आलीं, व त्यांतील फार मोठा भाग याच गांवच्या धक्क्यावर उतरला. त्यांना आणणाऱ्या नावांमध्यें कोळंबी व शेवंड पकडणाऱ्या मच्छीमारांच्या पुष्कळ नावा होत्या.

हा इतिहास आम्हांस त्या दिवशीं ठाऊक नव्हता हें आधींच कबूल केलेलें बरें. आम्ही भुकेलेले होतों, आणि रात्रीच्या जेवणासाठीं मंडळींनीं जें भोजनगृह निवडलें होतें तें क्यूबाच्या थाटाचें म्हणून नांवाजलेलें होतें. दारांतून शिरतांच निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या मासळीचा वास आला. लोखंडी जाळ्यांवर शेवंडी, कोळंबी व अख्खे मासे ओळीनें पडलेले होते, आणि त्यांवर लसूण, तेल व आंबट नारिंगाचा रस एकत्र करून केलेली चटणी कुंच्यानें फिरविली जात होती. हवाना शहरांतील जुनीं घरें दिसावींत म्हणून भिंतींना मुद्दाम पोपडे आल्यासारखा रंग दिला होता. एका जुन्या अमेरिकन मोटारीचा पुढचा अर्धा भाग कापून त्याचें पेयांचें मेज केलें होतें. एका भिंतीवर दाढीवाल्या हेमिंग्वेचें चित्र, दुसऱ्या भिंतीवर समुद्रकिनारीं नाचणाऱ्या स्त्रिया. कोपऱ्यांत पांच वादक बसले होते. त्यांचा ताल असा होता कीं, पाय जमिनीवर स्वस्थ राहीनात. आमचा नातू तर पहिल्या पांच मिनिटांतच खुर्चीवरून उतरून नाचूं लागला. शेजारच्या मेजावरचीं अगदीं अपरिचित माणसें त्याच्यासाठीं टाळ्या वाजवूं लागलीं. जेवण उत्कृष्ट होतें. शेवंडीचें मांस गोड व लुसलुशीत होतें; सोबत भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि दोनदां तळून चपटे केलेले कच्च्या केळ्याचे काप होते. इतक्या मोकळ्या मनानें आम्ही फार दिवसांत जेवलों नव्हतों. आमचे जांवई समाधानानें म्हणाले, “काका, या लोकांना दुःख म्हणून कांहीं ठाऊकच नाहीं!” आणि आम्हीं मान डोलाविली.

आम्हांस वाढणारा तरुण पंचविशीचा असेल. तो क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरील एका खेड्यांतला, व येथें येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, असें बोलतां बोलतां कळलें. तेव्हां कांहीं तरी गोड बोलावें म्हणून आम्हीं त्यास विचारिलें, “म्हणजे तुमच्या घरीं समुद्र दाराशीं, शेवंड काय, रोजचीच असेल?” तो हंसला. त्याच्या हंसण्यांत राग नव्हता. तो म्हणाला, “शेवंडी मीं लहानपणापासून पाहिल्या, काका. माझे वडील त्या पकडीत. पण चाखली ती येथें आल्यावर.” ‘काका’ हा शब्द तो आमच्या पुतणीच्या तोंडून ऐकून शिकला होता. एवढें बोलून तो दुसऱ्या मेजाकडे गेला, आणि आमच्या मेजावर क्षणभर कोणी बोललें नाहीं.

मग वाद सुरू झाला. पुतणी म्हणाली, “जेवतांना असले प्रश्न विचारूं नयेत. आतां घशाखालीं घांस कसा उतरावा?” जांवई म्हणाले, “आपण पैसे देऊन जेवतों, कोणाचें हिसकावून खात नाहीं. त्याच्या देशाचा कारभार आपल्या हातीं थोडाच आहे?” दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें, पण दोघांपैकीं कोणाचेंही पुरतें खरें नव्हतें. परक्या देशाच्या नांवानें, त्याच्या गाण्याच्या तालावर व त्याच्या चालीरीतींच्या देखाव्यांत बसून जेव्हां आपण जेवतों, तेव्हां तेथें न आलेल्या त्या देशाच्या लोकांचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि लागत असलों तर तें फेडावयाचें कसें? प्रश्न एवढाच आहे.

या प्रश्नाचें जें अगदीं जुनें उदाहरण आम्हांस पुढें वाचावयास मिळालें, तें क्यूबांतीलच आहे, आणि तेंही भाजलेल्या मासळीचेंच. त्या रात्रीं वादकांनीं ‘ग्वांतानामेरा’ हें प्रसिद्ध गाणें म्हटलें होतें व सगळ्या भोजनगृहानें त्यास टाळ्यांचा ठेका धरिला होता. त्या शब्दाचा अर्थ ग्वांतानामोची रहिवासी स्त्री असा आहे. त्याच ग्वांतानामोच्या उपसागरांत १४९४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ३० तारखेस कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरींत उतरला. किनाऱ्यावर त्यास विस्तव पेटलेले दिसले. त्यांवर पुष्कळ मासे भाजत लाविलेले होते, व जवळच मोठ्या घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना हे प्राणी शिजविण्यासाठीं ठेविलेले होते. माणूस मात्र एकही नव्हतें. गलबतें पाहून तेथील ताइनो लोक डोंगरावर पळून गेले होते. कोलंबसाच्या माणसांनीं ते मासे यथेच्छ खाल्ले, आणि किळस वाटल्यामुळें इग्वानांस हात लाविला नाहीं. मागाहून दुभाष्याच्या मध्यस्थीनें ताइनो लोक धीर करून खालीं आले. आपल्या प्रमुखाच्या मेजवानीसाठीं आपण ही तयारी करीत होतों, असें त्यांनीं सांगितलें. मासे खाल्ल्याबद्दल त्यांना घुंगरांसारख्या क्षुल्लक वस्तु देण्यांत आल्या. तेव्हां ते म्हणाले कीं, मासे गेले याचें कांहीं नाहीं, ते आम्ही आज रात्रीं पुन्हां पकडूं. इग्वाना राहिले हें बरें झालें. कारण त्यांना इग्वाना मिळविणें फार कठीण होतें व तेच त्यांचें मोठें पक्वान्न होतें.

क्यूबाच्या भूमीवर परकीयांनीं केलेल्या जेवणांपैकीं हें एक फार जुनें, लिहून ठेविलेलें जेवण होय. त्यांत बलात्कार असा झाला नाहीं. मोबदलाही दिला गेला. यजमानांनीं तक्रारही केली नाहीं. तरीसुद्धां ती हकीकत वाचतांना मन अस्वस्थ होतें. याचें कारण असें कीं, त्या जेवणांत पाहुणे होते पण यजमान नव्हता. यजमान डोंगरावरून पाहत होता. पाहुण्यांनीं आपल्या जिभेस जें रुचलें तेवढें घेतलें, जें रुचलें नाहीं तें टाकिलें, आणि जें त्यांनीं टाकिलें तेंच यजमानाचें खरें मोलाचें होतें हें त्यांच्या गांवींही नव्हतें. पुढच्या कांहीं दशकांत रोगराई, वेठ व तलवार यांनीं त्या ताइनो लोकांची काय वाताहत झाली हें इतिहासांत नमूद आहे. मासे खाणारांनीं त्या दिवशीं तें सारें योजिलें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण यजमानाशिवाय जेवण होऊं शकतें ही संवय तेथें लागली, आणि ती मोठ्या अनर्थांची नांदी होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आमच्या भोजनगृहाकडे या दृष्टीनें पाहूं. तेथेंही एका देशांतून रुचेल तें घेतलेलें होतें व न रुचेल तें वगळलेलें होतें. भिंतींचे पोपडे घेतले होते. पण हवानांतील जुनीं घरें पावसाळ्यांत कोसळतात व त्यांखालीं माणसें दगावतात, हें वगळलें होतें. जुनी मोटार घेतली होती. पण १९५९ सालच्या राज्यक्रांतीनंतर अमेरिकेनें व्यापार तोडल्यामुळें नव्या मोटारी मिळेनाशा झाल्या व लोकांना त्याच जुन्या गाड्या कशाबशा चालत्या ठेवाव्या लागल्या, हें वगळलें होतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मासे घेतले होते, पण त्या देशांतील जेवणाचें पान वगळलें होतें.

तें पान असें आहे. १९६२ सालापासून क्यूबांत प्रत्येक कुटुंबास सरकारी शिधापुस्तिका मिळत आली आहे. तांदूळ, घेवडा, साखर, तेल, कॉफी, अंडीं हे जिन्नस तिच्यावर स्वस्त दरानें मिळावयाचे. पण पुढें पुढें हा शिधा महिनाभर पुरेनासा झाला. त्या शिध्यांत मासळीचाही वांटा होता, आणि मासळी नसल्यामुळें तिच्या ऐवजीं कोंबडीचें मांस वांटण्याची पद्धत इतकी रूढ झाली कीं, ‘माशाऐवजीं कोंबडी’ हा त्या लोकांच्या भाषेंत एक प्रयोगच होऊन बसला. चहूंकडे समुद्र असलेल्या बेटावरची ही गोष्ट! ती कोंबडीही गेल्या दोन दशकांत बव्हंशीं अमेरिकेंतूनच जात आली आहे. शेवंड दीर्घकाळ परदेशीं विकण्यासाठीं व परदेशी प्रवाशांसाठीं राखून ठेवलेली होती. १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्य मोडल्यावर क्यूबाचा मोठा आधार तुटला व फार हलाखीचे दिवस आले. तेव्हां लोकांना आपल्या घरांतच लहानशा खाणावळी चालविण्यास सरकारनें परवानगी दिली. पण १९९५ सालच्या नियमांप्रमाणें त्यांत १२ हून अधिक खुर्च्या ठेवतां येत नसत, आणि शेवंड व कोळंबी वाढण्यास मनाई होती. २०१० नंतर हे निर्बंध पुष्कळ सैल झाले खरे, पण सामान्यांच्या ताटांतील तूट त्यानें भरून निघाली नाहीं. २०२४ च्या आरंभीं लहान मुलांसाठीं दुधाची भुकटी मिळावी म्हणून त्या सरकारला राष्ट्रसंघाच्या अन्नसंस्थेकडे मदत मागावी लागली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत एक मोठें विद्युद्गृह बंद पडून सगळा देश एकाच वेळीं अंधारांत बुडाला. या दुर्दशेचा दोष अमेरिकेच्या व्यापारबंदीकडे किती व तेथील राज्यकारभाराकडे किती, याविषयीं स्वतः क्यूबन लोकांतच तीव्र मतभेद आहेत. तो तंटा तोडण्याचा अधिकार आमचा नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, आमच्या पुतणीच्या मेजावरची शेवंड व त्या तरुणाच्या बापाच्या जाळ्यांतील शेवंड यांची जात एकच, समुद्रही जवळजवळ एकच. मध्यें अंतर काय तें ९० मैलांचें.

यावर कोणी म्हणेल, “मग त्या भोजनगृहांतील सारा आनंद खोटाच म्हणावयाचा.” हा निष्कर्ष सोपा आहे, पण तो चुकीचा आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्याचें प्रत्यंतर त्या वादकांच्या हातांखालींच होतें. त्यांच्यापैकीं एकजण लांकडी खोक्यावर बसून तें खोकेंच वाजवीत होता. आम्हीं ती एक गंमत समजलों. पण त्या खोक्याचा इतिहास असा आहे कीं, क्यूबांत १८८६ सालीं गुलामगिरी बंद होईपर्यंत उंसाच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून आणलेल्या माणसांना राबविलें जात होतें, व उत्तरेकडून आलेला खारवलेला कॉड मासा हा त्यांच्या खाण्याचा एक भाग होता. ज्यांच्या भोंवतीं ताज्या मासळीचा समुद्र पसरला होता त्यांना परदेशची खारी मासळी! आफ्रिकन पद्धतीच्या पडघमांवर राज्यकर्त्यांची वक्रदृष्टि होती. तेव्हां हवाना व मातान्सास या बंदरांतील गोरगरीब कृष्णवर्णीयांनीं त्याच खारवलेल्या माशांचीं रिकामीं खोकीं घेतलीं व त्यांवर ताल धरिला. त्यांतून रुंबा नांवाचें जें गायन-नर्तन वाढलें, त्याची २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक ठेव्यांत नोंद केली. म्हणजे तो ताल दुःख ठाऊक नसलेल्यांचा नव्हे. दुःखाच्याच खोक्यांतून तो ठोकून काढलेला आहे. आमच्या जांवयांचें वाक्य चुकलें तें येथें, आणि आम्हीं मान डोलाविली ती चूक त्याहून मोठी. तो आनंद खरा होता. पण आम्हीं तो स्वभावतः मिळालेला, फुकटचा आनंद समजलों. वस्तुतः तो कमाविलेला होता.

या भेदाचें महत्त्व केवळ शब्दापुरतें नाहीं. जे लोक जात्याच आनंदी आहेत असें आपण एकदां ठरविलें, त्यांचें रडणें आपल्याला पुढें ऐकूं येईनासें होतें. ‘थोडक्यांत सुखी’ हें विशेषण वरून कौतुकाचें दिसतें, पण ज्याला तें लाविलें त्याला अधिक कांहीं देण्याची गरज उरत नाहीं. २०२१ च्या जुलै महिन्यांत अन्न, औषधें व मोकळीक यांसाठीं क्यूबांतील गांवोगांवचे लोक रस्त्यावर आले, व त्यानंतरच्या वर्षांत लक्षावधि माणसें देश सोडून गेलीं. ज्यांच्या तालावर आपण रात्रभर ठेका धरिला, त्यांची नाव सकाळीं किनाऱ्यास लागली तर तिच्याकडे आपण कोणत्या नजरेनें पाहणार, हें रात्रीच्या त्या समजुतीवर पुष्कळ अंशीं अवलंबून आहे.

मग अशा ठिकाणीं जेवूंच नये काय? विरक्त वृत्तीचा मनुष्य तसें म्हणेल. ज्यांच्या घरीं दिवा नाहीं त्यांच्या नांवानें रोषणाई करून जेवणें हें पाप, असें तो सांगेल. पण आमच्या उपाशी राहण्यानें त्या खेड्यांतील एकही चूल पेटत नाहीं. उलट तो तरुण जे चार पैसे घरीं धाडतो ते आमच्यासारख्यांच्या जेवणांतूनच निघतात. उलटपक्षीं व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं, पैसे चुकते केले, वाढणाऱ्यास वर बक्षीसही दिलें, हिशेब मिटला. पण ज्या गोष्टीसाठीं आम्ही तेथें गेलों ती त्या बिलांत लिहिलेलीच नव्हती. मासळी, कोळसा, मजुरी, भाडें यांची किंमत त्यांत होती. क्यूबाचें नांव, त्याचा ताल, त्याच्या किनाऱ्याची आठवण यांची किंमत त्यांत कोठेंच नव्हती, कारण ज्यांनीं ती घ्यावयाची ते तेथें नव्हते.

किंमत आणि ऋण या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें त्यांनीं मानिलें. त्यांपैकीं ऋषिऋण, म्हणजे ज्यांच्या ज्ञानावर आपण वाढलों त्यांचें देणें, द्रव्य देऊन फिटतें असें त्यांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. तें अध्ययनानेंच फिटावयाचें. ज्यांना आपण कधीं भेटणार नाहीं, ज्यांच्या हातीं कांहीं ठेवतां येणार नाहीं, त्यांचें देणें त्यांना नीट जाणून घेण्यानें फेडावयाचें, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. परक्याच्या उत्सवांत जेवणारावर असेंच एक लहानसें ऋण चढतें. तें फेडण्याचा मार्ग म्हणजे खाणें टाकणें नव्हे व बक्षीस वाढविणेंही नव्हे. त्या लोकांचें जें पान आपल्यापुढें मांडलें गेलें नाहीं, तेंही पाहून घेणें हाच तो मार्ग.

“नुसतें जाणून कोणाचें पोट भरतें?” असा आक्षेप यावर निघेल, व तो रास्त आहे. जाणण्यानें पोट भरत नाहीं. परंतु न जाणतां केलेलें दानही बहुधा कोलंबसाच्या घुंगरांच्याच जातीचें होतें. शिवाय न जाणणें हें नेहमींच निरुपद्रवी नसतें. ज्या हेमिंग्वेचें चित्र त्या भिंतीवर होतें, त्याची क्यूबन कोळ्यावरची १९५२ सालची कादंबरिका पुष्कळ वाचकांनीं वाचली असेल. म्हाताऱ्यानें जिवापाड झगडून पकडलेला प्रचंड मासा वाटेंत शार्क खाऊन टाकितात, आणि किनाऱ्याला लागतो तो नुसता सांगाडा. पुस्तकाच्या शेवटीं शेजारच्या उपाहारगृहांत जेवावयास आलेल्या प्रवाशांपैकीं एका बाईस पाण्यांत तो सांगाडा दिसतो. ती वाढप्यास त्याविषयीं विचारते. तो घडलेली हकीकत समजावून सांगूं पाहतो. पण तिच्या ध्यानांत तें येत नाहीं, आणि तो सांगाडा शार्कचाच असें ती समजते. लुटलेल्याच्या हाडांना ती लुटारूचें नांव देते. ती बाई दुष्ट नाहीं. ती जेवावयास आलेली आहे, एवढेंच.

आणि हें सर्व लिहितांना आम्हांस आमच्या घरची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. परदेशांतील हिंदी पद्धतीच्या भोजनगृहांत हत्ती, मोर व सतार यांची आरास पाहून आपण हंसतों, क्वचित् मनांत खट्टूही होतों. ‘आम्ही असे आहों काय?’ असें आपणांस वाटतें. पण आपल्याच शाळांच्या स्नेहसंमेलनांत व लग्नाच्या मांडवांत कोळीनृत्य बसविलें जातें, तेव्हां काय होतें? मुलें टोपल्या घेऊन, रुमाल नेसून नाचतात. आईबाप कौतुकानें पाहतात. आणि दर्यावरचीं हीं माणसें किती आनंदी, असें म्हणत घरीं जातात. मुंबईच्या कोळीवाड्यांतील जागा दिवसेंदिवस कशी आंवळत चालली आहे, वादळाच्या दिवसांत होड्या किनाऱ्यास ओढल्यावर चूल कशी पेटते, पहांटे धक्क्यावर लिलांवासाठीं उभ्या राहणाऱ्या कोळणीच्या हातीं शेवटीं काय उरतें, याची चौकशी आपल्यापैकीं किती जणांनीं केली आहे? मासा महाग झाला म्हणून तिच्याशीं घासाघीस मात्र आपण सर्वांनीं केली आहे. की वेस्टच्या मेजावर आम्ही जसे होतों, तसेच घरींही आहों.

त्या रात्रीं निघण्यापूर्वीं आम्हीं तो तरुण जवळ आला तेव्हां त्यास दुसरा प्रश्न विचारिला. “तुमच्या गांवीं मासा कसा भाजतात?” या वेळीं तो थांबला. म्हणाला, “या चटणींत येथें फार कांहीं घालतात. आमच्याकडे मीठ, आंबट नारिंग, आणि लांकडांचा विस्तव. मिळेल तो मासा. तोही दर वेळीं मिळतो असें नाहीं.” “आणि गाणें?” नातवानें विचारिलें. “गाणें असतें,” तो म्हणाला. “दिवे गेलेले असले म्हणजे अधिकच असतें. अंधारांत दुसरें करणार काय?”

उठतांना संवयीनें आमच्या तोंडून ‘अन्नदाता सुखी भव’ असे शब्द निघाले. हा काय मंत्र म्हणून त्यानें विचारिलें, तेव्हां पुतणीनें त्याचा अर्थ सांगितला. तो क्षणभर विचारांत पडला, मग म्हणाला, “पण अन्न मीं नाहीं दिलें. मीं फक्त वाढलें. द्यावयाचाच असेल तर तो आशीर्वाद माझ्या आईस द्या. विस्तवावर मासा केव्हां उलटावा हें मला तिनें शिकविलें, आणि ती अजून तिकडेच आहे.” आम्हीं त्याच्या आईचें नांव विचारिलें, त्यानें तें दोनदां उच्चारून दाखविलें, कारण पहिल्या वेळीं तें आमच्या जिभेवर नीट बसेना. मग तें नांव घेऊन आम्हीं तो आशीर्वाद पुन्हां म्हटला, आणि बाहेर पडलों.